अंगात उष्णता झाली, म्हणजे नेमकं काय झालं?

तोंड आलं की उष्णता. तळपायांची आग झाली की उष्णता. लघवीला जळजळ, डोळे चुरचुरणं, घोळणा फुटणं, चेहऱ्यावर पुटकुळ्या, मूळव्याधीची कुरकुर, लहान मुलाच्या मानेवर गळू, अगदी केस गळत असले तरी घरातलं मोठं माणूस एकच निदान करतं, आणि उपायही ठरलेले असतात: सब्जा घे, गुलकंद खा, रात्री तळपायांना तूप चोळ. अशा माणसाला थर्मामीटर लावला तर पारा साधारण अठ्ठ्याण्णववरच असतो. ताप नाही, तरी आग मात्र खरी आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे, की उष्णता ही एक गोष्ट नाही. ऊन लागणं वेगळं, पित्त वाढणं वेगळं, आणि ज्याला आपण उष्णता म्हणून वर्षानुवर्षं दडपतो तो एखादा आजार असणं वेगळं. तिन्हींवर एकच उतारा चालत नाही. कैरीचं पन्हं घ्या. उन्हातून आलेल्या माणसाला ते वरदान आहे, कारण त्यात पाणी, मीठ आणि साखर आहे. तेच पन्हं आम्लपित्ताने हैराण झालेल्या माणसाने रिकाम्या पोटी घेतलं तर छातीतली जळजळ वाढते. वस्तू तीच, पण उष्णता निराळी. म्हणून काय खायचं या प्रश्नाच्या आधी आपली उष्णता कुठली हे बघावं लागतं.

आधी उन्हाचं

शरीराच्या आतलं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवण्याचं काम मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग करतो. त्याच्याकडे मुख्य उपाय दोन. एक, त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावून आतली उष्णता बाहेर सोडायची. बाहेरची हवाच त्वचेपेक्षा गरम झाली की हा उपाय निकामी होतो. मग उरतो घाम. माठातलं पाणी जसं बाहेर झिरपून उडून जाताना आतलं पाणी गार करतं, तसंच घामाचं आहे. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. नुसता गळून गेला तर मात्र काहीच निघत नाही, पाणी आणि मीठ तेवढं वाया जातं.

विदर्भातल्या आणि कोकणातल्या उन्हाळ्यातला फरक इथेच आहे. नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या हवेत घाम इतक्या लवकर उडतो की तो आला हेही कळत नाही. माणूस ठीक दिसतो आणि आतून सुकत जातो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत घाम अंगावरून वाहतो, पण उडत नाही, त्यामुळे अंग निवतच नाही. हवामान खात्याचे उष्णतेच्या लाटेचे निकष याच कारणाने वेगळे आहेत. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंशांवर गेल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही, किनाऱ्यावर ही सीमा ३७ अंशांचीच आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला भर दुपारपर्यंत उन्हात बसलेल्या लोकांपैकी १४ जण दगावले. त्या दिवशी तिथलं तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं, ४५ नव्हे. हा आकडा मुंबई-ठाण्याच्या आणि कोकणच्या लोकांनी विसरू नये.

उन्हातून आलेला माणूस बरळायला लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला, बेशुद्ध झाला, किंवा अंग तापलं आणि झटके आले, तर तो उष्माघात आहे. इथे सब्जा नाही, कांद्याचा रस नाही, कुठलंही चूर्ण नाही. १०८ ला फोन करायचा, माणसाला सावलीत आणायचं, कपडे सैल करायचे किंवा काढायचे, अंगावर पाणी ओतत राहायचं आणि वारा घालायचा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जातं. पॅरासिटामॉल देऊ नये. ते तापावर काम करतं, कारण तापात मेंदूनेच तापमानाची पातळी वर सरकवलेली असते. उष्माघातात पातळी तीच असते, शरीराला ती राखता येत नसते, म्हणून गोळीचा उपयोग होत नाही.

एवढी वेळ येऊ नये म्हणून पाण्यासोबत मीठही पोटात जायला हवं. शेतात, बांधकामावर किंवा डिलिव्हरीसाठी दुचाकीवर दिवस काढणाऱ्याने तहान लागल्यावर नुसतं पाणी ढोसून भागत नाही. घरच्या घरी एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, हे प्रमाण जगभर मान्य आहे. पन्हं, मीठ घातलेलं पातळ ताक, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत ही त्याचीच आपली रूपं. खिशात कांदा ठेवून निघणाऱ्यांनी कांदा खुशाल ठेवावा, पण भरवसा पाण्याच्या बाटलीवर आणि डोक्यावरच्या ओल्या पंचावर ठेवावा.

आता पित्ताचं

उन्हात पाऊलही न टाकता जी उष्णता होते, ती आयुर्वेदाच्या भाषेत बहुतेक वेळा पित्ताची. पित्त म्हणजे फक्त घशाशी येणारं आंबट पाणी असं आपण समजतो. शास्त्रात त्याचा आवाका मोठा आहे. अन्न पचवणारं, रक्ताला रंग देणारं, बुद्धी-उत्साहाशी जोडलेलं, डोळ्यांत राहून पाहायला लावणारं आणि त्वचेला कांती देणारं, असे त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. पोट, डोळे, त्वचा आणि चिडचिड या चारही तक्रारी एकाच नावाखाली का आल्या, ते यातून समजतं. वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात पित्ताचे गुण सांगितले ते असे: थोडं स्निग्ध, तीक्ष्ण, उष्ण, हलकं, आमगंधी (कच्च्या मांसासारख्या वासाचं), सरकणारं आणि पातळ. उष्णता हा त्या सातांतला एक गुण आहे. तीक्ष्णपणा हाही तितकाच महत्त्वाचा, कारण गारेगार वस्तूने तो कमी होत नाही.

पित्त वाढवणाऱ्या गोष्टींची यादी वाचली तर आपल्या शहरी दिवसाचं वेळापत्रक वाचल्यासारखं वाटतं. तिखट, आंबट, खारट, आंबवलेलं आणि तळलेलं, मद्य, ऊन, राग, आणि भुकेच्या वेळी न खाणं. रात्री दीडपर्यंत जागणं आणि सकाळी काही न खाता दोन कप चहा यांची भर आपण घातली आहे.

तिखटाबद्दल आधुनिक विज्ञानाने एक सुंदर गोष्ट उलगडून दाखवली. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाचा एक ग्राहक, म्हणजे संवेदना टिपणारं प्रथिन असतं. साधारण ४३ अंशांच्या वर चटका बसला की तो उघडतो आणि मेंदूला ‘भाजतंय’ असा संदेश जातो. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमका हाच ग्राहक उघडतं. ठेचा खाल्ल्यावर जिभेची, पोटाची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी होणारी आग ही शब्दशः चटक्याचीच संवेदना आहे, जरी तापमान तसूभरही वाढलेलं नसलं तरी. पुदिन्यातलं मेंथॉल अशाच दुसऱ्या, थंडी ओळखणाऱ्या ग्राहकाला जागं करतं. या शोधांसाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. मिरची उष्ण आणि पुदिना थंड हे आपण अंगाच्या अनुभवावरून म्हणत होतो, त्याला मज्जातंतूंमध्ये खरोखरच एक जागा आहे. याचा अर्थ आयुर्वेदातला प्रत्येक उष्ण-शीत असा सिद्ध झाला, असा मात्र नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना धक्का देते. आयुर्वेदानुसार पित्ताचा खरा मोसम उन्हाळा नव्हेच. उन्हाळ्यात पचनाची ताकद आणि शरीराचं बळ उतरलेलं असतं, पावसाळ्यात पित्त साठू लागतं आणि ते उसळतं शरद ऋतूत, म्हणजे आश्विन-कार्तिकात. वाग्भटाने दिलेलं कारणही पटण्यासारखं आहे. पावसाच्या गारव्याला सरावलेल्या अंगावर अचानक कडक ऊन पडतं आणि साठलेलं पित्त बिघडतं. आपण ज्याला ऑक्टोबर हीट म्हणतो ते हेच दिवस. या ऋतूसाठी त्याने सांगितलेला आहार आजही कोणाला जमेल असा आहे: साळीचा भात, मूग, साखर, आवळा, पडवळ. टाळायला सांगितलं त्यात दही, तेल, पोट तुडुंब भरेपर्यंत खाणं, ऊन आणि दुपारची झोप आहे. आणि नेमके याच दिवसांत नवरात्र येतं. नऊ दिवस उपाशीपोटी चहा, मग शेंगदाण्याचं कूट आणि हिरव्या मिरच्या घातलेली साबुदाण्याची खिचडी, वर तळलेले वेफर्स. नवरात्रात पित्त होतं त्याला उपास कारण नाही, उपासाचं ताट कारण आहे. राजगिऱ्याची लाही आणि दूध, वरीचा भात, दुधीची किंवा लाल भोपळ्याची भाजी, काळे मनुके, शहाळं यांवरही नऊ दिवस उत्तम निघतात.

हाताला गार लागतं ते थंड असतंच असं नाही

आहाराच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. आयुर्वेद पदार्थाचा थंडपणा हाताला लागणाऱ्या गारव्यावरून ठरवत नाही, तो पोटात गेल्यावर काय परिणाम करतो यावरून ठरवतो. याला वीर्य म्हणतात. फ्रीजमधलं दही हाताला गार आहे, पण दही शास्त्राने उष्ण मानलं आहे आणि त्याचा विपाक, म्हणजे पचल्यानंतरचा रस, आंबट सांगितला आहे. रात्री दही नको, आणि वसंत, ग्रीष्म, शरद या ऋतूंतही जपून, असं जुनं सांगणं आहे. उन्हाळ्यात रोज रात्री दहीभात खाऊन ‘मी थंडच खातो, तरी तोंड येतं’ म्हणणाऱ्यांनी महिनाभर ते बंद करून बघावं.

ताकाबद्दल तर जुने ग्रंथ आणखी कडक आहेत. उष्ण काळात, अशक्त माणसाला, चक्कर, दाह आणि रक्तपित्त (नाका-तोंडातून रक्त जाण्याचा विकार) असताना ताक देऊ नये, असं सुश्रुतसंहितेत आहे. मग आपल्याकडे चैत्र-वैशाखात घरोघरी ताक कसं चालतं? त्याचं उत्तरही तिथेच आहे: वातात आंबट ताक सैंधव घालून, आणि पित्तात गोड ताक साखर घालून प्यावं. म्हणजे ताजं, न आंबलेलं, लोणी काढून भरपूर पाणी घातलेलं ताक निराळं, आणि दोन दिवसांचं आंबट, वरून हिरवी मिरची-आलं लावून फोडणी दिलेलं ताक निराळं. उन्हात राबणाऱ्याने पहिल्यात मीठ घालावं, पित्ताच्या माणसाने खडीसाखर.

आंबा याच्या उलट. तो बिचारा उगाच बदनाम आहे. कच्ची कैरी पित्त वाढवते हे खरं, पण पूर्ण पिकलेल्या गोड आंब्याला भावप्रकाश या ग्रंथात शीत आणि पित्त न करणारा असंच म्हटलं आहे. मग आंबे खाल्ले की मुलांच्या तोंडाभोवती पुरळ का उठतं? देठाजवळचा चीक त्याला बहुतेक वेळा कारणीभूत असतो. आंबा बिब्ब्याच्या कुळातला. त्याच्या चिकात त्वचेला झोंबणारी द्रव्यं असतात, आणि साल दातांनी सोलणाऱ्या, बाठ चोखणाऱ्या मुलांच्या ओठांना, गालांना ती लागतात. आंबा पाण्यात तासभर बुडवून ठेवणं, देठाकडचा भाग कापून थोडा रस पिळून टाकणं, या आजीच्या रीती म्हणूनच बरोबर आहेत. त्यात घामोळं आणि मे महिन्याचा चिकटपणा मिळाला की गळवं होतात, आणि दोष आंब्याच्या माथी येतो. आमरसात चमचाभर तूप घालायची आपली पद्धतही मोडू नये.

कोकमाची गंमत आणखी वेगळी. ग्रंथांत वृक्षाम्ल नावाने त्याचं वर्णन येतं, आणि तिथे ते उष्ण सांगितलं आहे. पण सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या लोक पित्तावर आमसूलच वापरतात. अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की आमसुलं पाण्यात कोळून ते पाणी प्यायला देतात आणि अंगालाही लावतात. ग्रंथ आणि अनुभव असे समोरासमोर आले, तर मी आपल्या पोटाला विचारावं या मताचा आहे. पुष्कळांना कोकमाचं सार सोसतं आणि चिंचेचं सोसत नाही. ज्याला दोन्ही बाधतात त्याने केवळ कोकम थंड असतं असं ऐकलंय म्हणून ते पीत राहू नये. आणि बाजारातल्या कोकम सरबताच्या बाटलीत अर्ध्याहून अधिक साखर असते, हेही ध्यानात असू द्यावं.

बर्फाबद्दल थोडक्यात. तो जिभेला बरा वाटतो, पचनाला मंदावतो. माठातलं पाणी पुरे.

घरातल्या औषधी

या सगळ्यांत मला धन्यांचं पाणी सर्वांत भरवशाचं वाटतं, कारण ते स्वस्त आहे, सौम्य आहे आणि करायची रीत स्पष्ट लिहिलेली आहे. शार्ङ्गधर संहितेत त्याला हिम म्हटलंय. हिम म्हणजे औषध न उकळता थंड पाण्यात रात्रभर भिजवून काढलेला अर्क. प्रमाण एकास सहा. दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण दहा ग्रॅम धने खलबत्त्यात फक्त फुटतील इतके ठेचायचे, पीठ करायचं नाही. ते मातीच्या कुल्हडात किंवा काचेच्या पेल्यात घालून वर सहापट, म्हणजे लहान अर्धा कप पाणी ओतायचं. घरोघरी लोक पूर्ण कपभर घेतात, तेही चालतं, फक्त सौम्य होतं. वर फडकं बांधून रात्रभर ठेवायचं. सकाळी पाणी फिकट पिवळसर दिसतं आणि वास ताज्या फोडलेल्या धन्यांचा येतो, उकळलेल्या मसाल्याचा नाही. हाताने थोडं कुस्करून, फडक्यातून गाळून, खडीसाखर विरघळवून सकाळीच प्यायचं. ग्रंथाने हे आतल्या दाहावर आणि तहानेवर सांगितलं आहे. न उकळण्यामागे अर्थ आहे. धन्यांचा सुगंध लिनलूल नावाच्या उडनशील द्रव्यामुळे असतो, आणि उकळल्यावर ते वाफेबरोबर निघून जातं. उन्हाळी लागते, म्हणजे पाणी कमी पडून लघवीला जळजळ होते, तेव्हा हे पाणी आणि दिवसभर भरपूर साधं पाणी यांनी एक-दोन दिवसांत उतार पडायला हवा.

वाळा म्हणजे सुगंधी गवताची मुळं. जुडी धुऊन माठात टाकायची, तीन-चार दिवसांनी काढून उन्हात वाळवायची, नाहीतर तिला बुरशी धरते. तापात सतत तहान लागते तेव्हा द्यायच्या षडंगपानीयात वाळा आहे, सोबत नागरमोथा, पित्तपापडा, चंदन, सुगंधबाला (ही वाळ्याहून वेगळी वनस्पती) आणि सुंठ. थंड द्रव्यांत सुंठ कशाला, असं वाटेल. पचन मंदावू नये म्हणून. ही समज आपण ‘सगळंच थंड’ करण्याच्या नादात विसरतो.

उपळसरी फारशी कोणी वापरत नाही, याचं मला वाईट वाटतं. सह्याद्रीच्या रानात मिळणारी ही वेल. तिची मुळं मोडली की व्हॅनिलासारखा वास येतो. अनंतमूळ, सारिवा ही तिचीच नावं, आणि दक्षिणेत जे नन्नारी सरबत पितात ते हिचंच. त्वचेच्या तक्रारींसोबत अंगाची आग असेल तर वैद्य हिला पहिली पसंती देतात.

सब्जाचं काम साधं आहे. बी पाण्यात पंधरा-वीस मिनिटांत फुगतं, भोवती पारदर्शक बुळबुळीत आवरण धरतं आणि भरपूर पाणी धरून ठेवतं. पोट साफ व्हायला मदत होते, म्हणून मूळव्याधीच्या माणसाला बरं वाटतं. कोरडा सब्जा तोंडात टाकू नये, लहान मुलांना तर नाहीच, तो घशात फुगून अडकू शकतो.

आवळा आंबट असूनही थंड मानला आहे, हा अपवाद लक्षात ठेवावा. खारट सोडून पाचही चवी त्यात आहेत. मोरावळा, आवळकाठीचं पाणी, नुसता आवळा, कसाही घ्यावा. द्राक्षाला तर फळांमध्ये श्रेष्ठ म्हटलंय. रात्री भिजवलेले दहा-पंधरा काळे मनुके सकाळी चावून खाणं हा बद्धकोष्ठ आणि पित्त दोन्ही असलेल्यांसाठी फार सोपा उपाय आहे.

तुपाबद्दल मुद्दाम लिहितो, कारण पित्त झालं की लोक तूप बंद करतात. वाग्भटाने तीन दोषांची तीन श्रेष्ठ औषधं सांगितली: वाताला तेल, पित्ताला तूप, कफाला मध. आणि शोधनात, म्हणजे शरीरशुद्धीत, पित्तासाठी विरेचन, म्हणजे औषध देऊन करवलेले जुलाब. गरम भातावर, मुगाच्या वरणावर चमचाभर साजूक तूप हे पित्ताच्या माणसाचं औषध आहे. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं. विरेचन मात्र वैद्यांच्या देखरेखीखालीच. दर रविवारी स्वतःहून एरंडेल घेणं म्हणजे विरेचन नव्हे.

तूप बाहेरूनही वापरतात. तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासण्याची आपली पद्धत खरोखर सुखाची आहे. झोप चांगली लागते, आग शमते, त्यात शंका नाही. पण पाय काळे पडतात ते पाहून ‘बघा, उष्णता बाहेर आली’ म्हणतात, ते खरं नाही. काशात तांबं आणि कथील असतं. घासताना वाटी झिजते, तिचे अतिसूक्ष्म कण तुपात आणि घामात मिसळून तो काळपट थर बनतो. जास्त काळं म्हणजे जास्त उष्णता, असं काही नसतं. आराम चोळण्याचा आहे, आणि तो पुरेसा आहे.

रोजच्या ताटाविषयी फार लिहायला नको. ज्वारीची भाकरी, जुन्या तांदळाचा भात, मूग, दुधी, पडवळ, दोडका, कोहळा, काकडी, ओलं खोबरं, कोथिंबीर ही पित्ताच्या माणसाची बाजू. बाजरी, कुळीथ, शेवगा, लसूण, लोणचं, ठेचा ही दुसरी बाजू, त्यांची जागा थंडीत आहे. पण यादीपेक्षा वेळ महत्त्वाची. भूक लागली की तासाभरात जेवणारा माणूस अधूनमधून मिसळ पचवू शकतो. दुपारचं जेवण रोज साडेतीनला घेणाऱ्याला पडवळही वाचवत नाही.

जेव्हा ती उष्णता नसते

हा भाग मला सर्वांत जरुरीचा वाटतो, कारण यात माणसांची वर्षं वाया जातात.

तळपायांची आग रात्री जास्त होते, सोबत मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, तर ते मधुमेहाने मज्जातंतूंना केलेलं नुकसान असू शकतं. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं तरी अशीच आग होते. शाकाहारी लोकांत ही कमतरता सर्रास आढळते, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही. तूप आणि काशाची वाटी तात्पुरती मलमपट्टी करतात आणि तपासणी लांबते. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि बी-१२ या तपासण्या एकदा करून टाकाव्यात.

सारखं तोंड येण्यामागे बी-१२, फॉलिक ॲसिड किंवा लोह कमी असू शकतं. मात्र तोंडातली एखादी जखम तीन आठवड्यांत भरली नाही, विशेषतः तंबाखू, मावा, गुटखा खाणाऱ्याच्या, तर ती दुखत नसली तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावी. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला असाच, न दुखणारा दिसतो. उष्णतेची जखम समजून गुलकंद खात बसलेली माणसं रुग्णालयात फार उशिरा पोचतात.

लघवीच्या जळजळीबरोबर थंडी वाजून ताप, कंबरेत दुखणं किंवा लघवीत रक्त असेल तर तो जंतुसंसर्ग असू शकतो, डॉक्टरांना दाखवावं. गरोदर बाईने तर जळजळ एवढ्याच कारणाने तपासणी करून घ्यावी. घोळणा कोरड्या हवेने फुटतो, मुलांचा नाक कोरल्याने फुटतो. मोठ्या वयात वारंवार फुटत असेल तर रक्तदाब मोजावा. रोज संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, दोन आठवड्यांहून जास्त खोकला आणि वजन कमी होणं हे क्षयाचं चित्र आहे, ‘अंगात मुरलेली उष्णता’ नाही. पंखा लावूनही उकडतं, हात थरथरतात, छाती धडधडते, खाऊनही वजन उतरतं, तर थायरॉइड तपासावं. आणि पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या बाईला अचानक चेहऱ्यावर, मानेवर गरम वाफ येऊन घाम फुटतो, ती पाळी जाण्याच्या काळातली लक्षणं असतात. घरच्यांनी तिला ‘तिखट कमी खा’ एवढंच सांगून सोडू नये. त्यावर उपचार आहेत, आणि डॉक्टरांशी बोलायला लाजण्यासारखं त्यात काही नाही.

औषध म्हणून घेताना

आयुर्वेदिक म्हणजे निर्धोक, हा समज सोडायला हवा. पित्तावर आपल्याकडे सूतशेखर दुकानातून सहज आणून खातात. लघु सूतशेखरात मुख्यतः शुद्ध गेरू आणि सुंठ असते. पण नुसत्या ‘सूतशेखर रस’ या कल्पात शुद्ध पारा, गंधक, बचनाग आणि धोत्र्याचं बी असतं. नावं मिळतीजुळती आहेत, औषधं नाहीत. वैद्यांनी पाहून, मात्रा आणि मुदत ठरवून दिलं तर गोष्ट वेगळी. शेजाऱ्याला गुण आला म्हणून सहा महिने खायची ती गोळी नव्हे. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांची तपासणी करणारा एक अमेरिकी अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला होता, त्यात सुमारे एकपंचमांश नमुन्यांमध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं. लेबलवर परवाना क्रमांक आणि घटक नसलेली पुडी घेऊच नये.

साध्या वनस्पतींनाही मर्यादा आहेत. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घसरतं. कोरफडीचा पिवळा चीक जुलाब करतो, गरोदरपणात तो टाळायचाच. कोरोनाच्या काळात गुळवेल महिनोन्‌महिने पिणाऱ्या काही जणांच्या यकृताला सूज आल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलं. यकृताचा किंवा स्वप्रतिकार (ऑटोइम्यून) विकार असलेल्यांनी ती स्वतःहून घेऊ नये. मूत्रपिंडाच्या रुग्णाने शहाळ्याचं पाणी विचारल्याशिवाय पिऊ नये, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. गुलकंद, मोरावळा, सरबतं यांत साखरच जास्त, तेव्हा मधुमेहाच्या माणसाने धन्यांचं बिनसाखरेचं पाणी, सब्जा आणि ताजा आवळा यांकडे वळावं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हाळ्याच्या तोंडाशी डॉक्टरांना मात्रेबद्दल विचारावं, कारण घामाने आणि गोळीने मिळून पाणी आणि मीठ जास्त वेगाने जातं. आणि वैद्यांकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटं, डॉक्टरांकडे जाताना चूर्णांच्या डब्या सोबत न्याव्यात. दोघांनाही सगळं माहीत असलं पाहिजे.